निर्धूर चुलीचा वैल

११ जानेवारी १९८८, सोमवार
बायको, शेवंती, वारून दोन महिने. पाहुणे गेल्यापासून मीच रांधतो. चूल सरकारी योजनेतली, निर्धूर म्हणून बसवलेली, आणि सगळा धूर घरात! थोरली बहीण भागीरथीताई आली होती. माझे डोळे बघून म्हणाली, शिमग्याआधी घर बंद कर, धारगळला माझ्याकडे चल. चोवीसला जेवायला येते, तेव्हा ठरवू.
मला हे घर सोडायचे नाही. चोवीसपर्यंत धूर घालवला, तर ताईला कारण उरणार नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा तिळगूळ नाही. पेज धुरकट.

१७ जानेवारी, रविवार
चूल बसवणारा धाकू गवंडी आला. धुराच्या नळीतली काजळी काढली, कौलांवर दोन हात नळी वाढवली. तरी धूर तसाच. जाताना म्हणाला, “चूल तीच. रांधपी बदललो.”
म्हणजे रांधणारा बदलला! राग आला.

२० जानेवारी
सापडले!
चुलीच्या पुढच्या तोंडावर पेज होती. मागच्या वैलावर, म्हणजे दुसऱ्या तोंडावर, सहज आंघोळीच्या पाण्याचे तपेले ठेवले. धूर बंद! तपेले उचलले — धूर. ठेवले — नाही. चारदा करून पाहिले. वैल उघडा राहिला की गार हवा नळीत शिरते आणि धुराची ओढ तुटते.
शेवंती पुढे भात ठेवायची, मागे माशांचे हुमण. रिकामा वैल मी कधी पाहिलाच नव्हता. माझे रांधणे एका भांड्याचे.
पाणी उकळून गेले तरी तिथेच बसून होतो.

२१ जानेवारी
आधी नळीच्या तळाशी माडाचे सुके चुडत पेटवायचे. नळी तापली की ओढ लगेच. लाकडे बारीक, दोनच. चुलीचे तोंड भरायचे नाही. निम्म्या लाकडांत भात शिजला!

२४ जानेवारी, रविवार
भात, मोडाच्या मुगांच्या मुगागाठी. दोन्ही भांडी चुलीवर, वैल बंद. ताईने आल्या आल्या धूर शोधत वाशांकडे पाहिले. सवयीने पदर डोळ्यांना लावला — डोळे कोरडे! मीठ जास्त झाले म्हणाली, आणि दोनदा वाढून घेतले. धारगळचे नाव काढले नाही. चारच्या बसने गेली.
जिंकलो. पाळी गावातल्या कचेरीत बढती मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

२७ जानेवारी
सकाळी दारात ताई. हातात ट्रंक.
“तू येणस नाय, मगे मीच आयलंय.”
भावोजींना जाऊन नऊ वर्षे झाली. ती तिथे एकटी कशी जेवते, हे मी एकदाही विचारले नव्हते.