एक वाजताचं ऊन

३ फेब्रुवारी, मंगळवार
आला एकदाचा! भाचीने वाढदिवसाला पाठवलेला फोन — जुन्या प्लास्टिकपासून बनवलेला, बटणांचा, पाठीवर काळी सौरपट्टी. उन्हावर चालतो म्हणे! सोबत चिठ्ठी: 'मावशी, पंधरा दिवसांत परत करता येतो. वापर आणि गुण-दोष कळव.' दोष काढायला मला सांगतेय! आता बघच म्हणावं.
वजन — नाहीच. टॉर्च — झकास! 'निघाले' एवढं लिहिताना मात्र अंगठा दुखून आला.

४ फेब्रुवारी, बुधवार
मोठा दोष सापडला. माझं काम तळघरात! एक्स-रेच्या खोलीला खिडकीच नाही. अकरालाच फोनने मान टाकली. शेवटी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, हॉस्पिटलच्या गच्चीवर गेले — बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा! फोन कठड्यावर पालथा घातला आणि राखण करत बसले.
लिफ्टची मशीन तिथेच वरच्या खोलीत. लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ डबा घेऊन बाहेर आले. फोन हातात घेतला, उलटासुलटा करून अगदी कडेकडेने पाहिला. "छान आहे. पण रोज तासभर तरी ठेवावा लागेल, मॅडम."

५ फेब्रुवारी, गुरुवार
गच्ची. एक तास दहा मिनिटं. ऊन जरा जास्तच लागतं याला!

६ फेब्रुवारी, शुक्रवार
गुण — पडला तरी फुटत नाही! (हसताना माझाच धक्का लागला. लिफ्टवाले सांगत होते — लिफ्टमध्ये अडकलेले मोठे डॉक्टर आतून आईला हाका मारत होते म्हणे!)
दोष — व्हॉट्सअ‍ॅप नाही. छे, हा तर गुण! नातेवाइकांची सुप्रभातं बंद.
लिफ्टवाले डबा स्वतःच करतात. घरी कुणी नाही.
हे गेल्यापासून, सहा वर्षांत, मी एवढी हसले नव्हते. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
भाची आली. रोज गच्चीवर जावं लागतं म्हटल्यावर तिने फोन घेतला, खालचं रबरी झाकण नखाने उचकटलं — आत चार्जर लावायची जागा! "अगं मावशी, ढगाळ दिवसांसाठी दिलीये ही. साधा चार्जर लाव की! रोज गच्चीवर कशाला तडफडतेस?"
मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.
"मग काय, परत करायचा का?"
"मुळीच नाही!" एवढ्या जोरात ओरडले की ती बघतच राहिली.
आता वर जायला कारणच उरलं नाही. लिफ्टवाल्यांना सांगितलं तर तो तास संपला. नाही सांगितलं तर रोज त्या भल्या माणसासमोर नाटक करायचं. दिवसभर जीव टांगणीला.

९ फेब्रुवारी, सोमवार
फोन खाली चार्जरला लावला आणि रिकाम्या हाताने वर गेले. झाकण, चार्जर — एका दमात सगळं सांगून टाकलं. रोज लोकांना 'श्वास रोखा' सांगते, आज माझाच रोखला गेला.
लिफ्टवाले डबा उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "माहितीये, मॅडम. पहिल्याच दिवशी बघितलं होतं."