पाण्याच्या आवाजाचं पान

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या उमेळे गावच्या वाडीवर उभी राहिलेली इमारतसुद्धा जुनी दिसायला लागली आहे. मागच्या आठवड्यात तिथून गेले. तुमची विहीर होती तिथे आता स्कूटरी उभ्या असतात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा तुमची गोष्ट होती. तुम्ही मला पाचवीपासून शिकवलंत, पुढे त्याच शाळेत मी तुमच्या शेजारच्या वर्गावर शिक्षिका म्हणून लागले, आणि आपण दोघीही लिहायचो. आपल्या भागात गोष्टी लिहिणाऱ्या बायका तेव्हा दोनच. त्यातली चांगली कोण, हे गावाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मॅट्रिकच्या सुट्टीत मी पहिली गोष्ट घेऊन तुमच्याकडे आले होते. एक सून, सासूचा छळ, शेवटी विहीर. तुम्ही चष्मा नीट करून सगळी वाचलीत आणि म्हणालात की या घरात चूल कोण पेटवतं, भाजी कोण तोडतं, काही कळत नाही, ही बाई सकाळपासून नुसती दुःखात असते. मी अशी चिडले! घरी येऊन आईला सांगितलं, त्या बाईंना गोष्टीतलं काही समजत नाही. आई म्हणाली, मग जाऊ नकोस. पुढच्या शनिवारी मी परत तुमच्या दारात हजर.

वाचनालयाचा हस्तलिखित अंक दर दिवाळीला निघायचा. अख्ख्या अंकाची एकच प्रत. ती टेबलावर ठेवायची, लोकांनी तिथेच बसून वाचायची, आणि शेवटी वाचकांच्या अभिप्रायासाठी चार-पाच कोरी पानं. अक्षर चांगलं म्हणून सगळं उतरवून काढायचं काम माझ्याकडे असायचं. ते अक्षरही तुम्हीच घोटून घेतलेलं. मी शाळेत लागून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा अंकाला गोष्ट दिलीत. माझीही होती. माझ्या गोष्टीत एक तरुण मुलगी मुंबईच्या इस्पितळात फार सुंदर मरत होती, आणि ती मी अंकात सगळ्यात पुढे घेतली होती.

तुमची गोष्ट मी आमच्या ओटीवर बसून उतरवायला घेतली. वाचताना डोळे पुढे पळतात, उतरवताना तसं पळता येत नाही, एकेक शब्द हातातून जावा लागतो. दोन भाऊ वाडीची वाटणी करतात. विहीर धाकट्याच्या वाट्याला जाते. त्यांच्या बायकांचं, थोरलीचं आणि धाकटीचं, बोलणं बंद होतं. कोणी कोणाला वाईटसाईट बोलत नाही. धाकटा मधोमध कुंपण घालतो आणि वाटतं, संपली गोष्ट. मग ते शेवटचं पान येतं. संध्याकाळी थोरली आपल्या कोरड्या वाफ्याशी बसली आहे. पलीकडे धाकटीने पाणी सोडलं आहे. थोरली डोळे मिटून पाटाच्या पाण्याचा नुसता आवाज ऐकते, आणि आवाजावरून तिला कळतं की पाणी आता जांभाच्या झाडाशी वळलं, आता केळींच्या पहिल्या ओळीत शिरलं, आता त्या फुटक्या कडेशी आलं, जी ती स्वतः दर वर्षी चिखलाने लिंपायची. बसल्या जागी ती सगळी वाडी शिंपून येते. मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरामागेही पाट होता. जन्मल्यापासून तो आवाज माझ्या कानावर पडत होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. आधी मला रडू आलं आणि मग राग आला. पंचावन्न पोरांच्या वह्या तपासून, घरचं सगळं उरकून, तुम्हाला हे ऐकायला वेळ कधी मिळाला?

अंक टेबलावर गेला. अभिप्राय येऊ लागले. अंक उत्तम, अक्षर मोत्यासारखं. माझ्या मुलीच्या मरणाने एकाचे डोळे पाणावले. तुमच्या गोष्टीबद्दल कोणी काहीच लिहिलं नव्हतं, आणि एवढ्यानेही माझं समाधान होईना. एका दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. मी वेगळ्या पेनाने, अक्षरं उलटीकडे कलती करून, सही न करता लिहिलं, "वाटणीची गोष्ट बरी आहे. शेवटचं पान नसतं तरी चाललं असतं." नेमकं तेच पान धरलं, कारण सगळ्या अंकात मला जमणार नाही असं तेवढंच होतं. मग अंक मिटला, घरी गेले आणि पोटभर जेवले.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलंत. अजून मला ते स्वयंपाकघर दिसतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तुम्ही केळफूल सोलत बसला आहात. चिकाने बोटं काळी होऊ नयेत म्हणून हाताला तेल चोळलेलं. तेलाची वाटी माझ्याकडेही सरकवता. एकेक फूल उघडून त्यातला कडक दांडा काढायचा, घाई केली तर भाजी कडू होते असं सांगता. बराच वेळ आपण हेडमास्तरांबद्दल, परीक्षेबद्दल बोलतो. मग मान वर न करता तुम्ही विचारता,

"अंकात कोणी तरी लिहिलंय, शेवटचं पान नको होतं म्हणून. तू तर अख्खी गोष्ट हाताने उतरवलीस. तुला काय वाटतं गं?"

त्या क्षणी सगळं नीट करता आलं असतं. हे पान माझ्या सगळ्या लिखाणाहून मोठं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी एका फुलातला दांडा काढला, दुसऱ्यातला काढला.

"बरोबर आहे, बाई. कुंपणाशी संपते गोष्ट."

"खरं सांगतेस?"

"खरं."

तुम्ही मान हलवलीत आणि उरलेलं केळफूल पुढे ओढलंत. जाताना मला भाजी डब्यात भरून दिलीत.

ते पान काढून टाकून तुम्ही गोष्ट मुंबईच्या एका मासिकाला पाठवलीत आणि ती छापून आली. सगळे म्हणाले, छान आहे. छानच होती. पण आता ती नुसती वाटणीची गोष्ट होती, तशी मीही लिहू शकले असते. मासिकाची एक प्रत तुम्ही मला दिलीत आणि वर लिहिलंत, "शेवट सुचवणारीला, प्रेमाने." हे तुम्ही सगळं ओळखून लिहिलंत का? ज्या पोरीचा हात धरून तुम्ही अक्षर वळवलंत, तिची उलटी अक्षरं तुम्हाला कळली नसतील हे मला पटत नाही. पण टोमणे मारणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. दोन्ही बाजूंनी विचार करून मी थकले. त्यानंतर तुम्ही एकही गोष्ट लिहिली नाहीत. विचारलं की म्हणायचात, वेळ कुठे मिळतो. तेही खरं असेल.

त्या वर्षी नाताळच्या आधी मी चर्चमध्ये फादरपुढे पापं सांगायला, कुमसाराला गेले, तेव्हा बाकीच्या पापांत हेही घुसडलं. फादर, दोनदा खोटं बोलले. फादरनी तीन नमो मरिया म्हणायला सांगितलं. खोटं काय आणि कोणाशी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाच-सहा वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर माझं पहिलं पुस्तक आलं होतं. तुम्ही ते आजारपणात वाचलंत आणि म्हणालात, तुझ्या बायका आता कामं करायला लागल्या. एवढं कौतुक मला नंतर कोणाकडून मिळालं नाही, आणि तरी त्या दिवशी तुमच्या उशाशी बसून मी बोलले नाही.

आता आपल्याकडच्या जुन्या लिहिणाऱ्यांच्या गोष्टींचं एक पुस्तक निघतं आहे. ते काढणारा तरुण विरारच्या बिल्डिंगीत वाढलेला, पण मन लावून काम करणारा. त्याने तुमची छापलेली गोष्ट शोधून काढली आणि मला तुमच्याबद्दल दोन शब्द लिहायला सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं की या गोष्टीला आणखी एक पान होतं. मग तो हटूनच बसला. मी वाचनालयाच्या जुन्या शिपायाला गाठलं, तो मिठागराकडचा, आता फार म्हातारा झाला आहे. "एका पावसाला पानी शिरला, बाय," तो म्हणाला. "कपाटातला सगला लगदा झाला."

तेव्हा आठवून लिहायला बसले. आश्चर्य म्हणजे सगळं आलं. जांभाचं झाड आलं, केळींची ओळ आली, फुटकी कड आली. एकदा उतरवलेलं हात विसरत नाही बहुतेक. फक्त एक वाक्य येईना. धाकटी पाणी बंद करते, आवाज थांबतो, तेव्हा थोरलीचं काय होतं ते तुम्ही एका वाक्यात लिहिलं होतं. आठ दिवस मी त्या वाक्याच्या मागे होते. भाजी निवडताना, अंघोळीला, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला. नाहीच सापडलं. शेवटी मी तिथे माझं एक वाक्य घातलं आणि पान पाठवून दिलं. सोबत लिहिलं की अंक मी उतरवला होता म्हणून आठवलं. ते पान आधी गेलं कसं, याबद्दल अक्षरही लिहिलं नाही.

परवा त्याचा फोन आला. फार खूश होता. म्हणाला, या पानाशिवाय ही गोष्ट लोकांनी इतकी वर्षं वाचली कशी? आणि फोनवरच वाचायला लागला. "पाणी थांबलं तेव्हा आपल्या हातांचं काय करायचं ते तिला सुचेना." मग म्हणाला,

"मॅडम, हे वाक्य बघा ना. एकदम त्यांचंच आहे. दुसऱ्या कोणाला जमणारच नाही."

मी म्हणाले, हो, त्यांचंच. आणि फोन ठेवला.

पुस्तक छापायला जायला अजून महिना आहे. त्याला सगळं सांगायला हवं, त्या अभिप्रायापासून या वाक्यापर्यंत, हे मला कळतं. बहुतेक सांगेनही. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून इतकं तरी लिहिता आलं. आणि आता लिहितेच आहे तर हेही घ्या, बाई. फोन ठेवल्यावर मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी आनंद झाला.