निरंजनच्या थडग्यावरच्या दगडाबाबत

मी, कस्तुरा शमुवेल भालेराव, वय अडुसष्ट, विधवा, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार दापोडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब वाढलेला आहे, तो रागाने. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे येऊन गेले. त्यांना चहा देऊन परत पाठवले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही मुलाला दिले होते.

१. मुलगा निरंजन चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करत असे. प्रेससमोर सेन्सर असतो. माणूस आत वाकला की यंत्र थांबते. काम अडते म्हणून सुपरवायझरने तार जोडून तो सेन्सर निकामी केला होता. याला तिकडे जंपर मारणे म्हणतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. अडकलेला पत्रा काढायला त्याच्यासोबत काम करणारा प्रज्वल आत वाकला. प्रेस खाली आली. निरंजनने त्याला ओढून बाहेर फेकले. स्वतः निघू शकला नाही.

कंपनीने अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले. त्याच कंपनीने त्याच्या थडग्यावर संगमरवरी दगड बसवला आणि त्यावर कोरले: 'सहकाऱ्यासाठी बलिदान'. खाली कंपनीचे नाव. दोन्ही मजकूर एकाच कचेरीतून आले.

२. सदनिका मुलगी रश्मी हिला, कलम ६ मधील अटीवर. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. बँकेतील ठेव कामगार न्यायालयातील कंपनीविरुद्धचा दावा संपेपर्यंत दाव्यासाठीच वापरावी. तडजोड करू नये.

३. निरंजनची पान्यांची पेटी प्रज्वलला. तो दर रविवारी भाजी घेऊन येतो आणि दारातच उभा राहतो. एकदा म्हणाला, "मावशी, माझ्यासाठी मेला तो."

मी म्हटले, "तुझ्यासाठी हात पुढं केला रे. मेला जंपरमुळं. दोन्ही एकात कालवू नकोस."

"मग मी काय करू?"

"आत ये. बस. आणि कोर्टात खरं सांग."

प्रज्वल, ही पेटी प्रायश्चित्त म्हणून घेऊ नकोस. तुझा तारणारा निरंजन नाही. त्याला भूक लागत असे आणि तो सोमवारी चिडलेला असे.

४. दीर चिमाजी यांना काही नाही. ते म्हणाले, "वहिनी, किती ताणणार? पोराचं नाव मोठं झालं ना!" मी म्हटले, "मग तुमच्या सनीला लावा त्या प्रेसवर. त्याचंही होईल." त्यानंतर ते आलेले नाहीत. ही बाब मी मिळकतीत धरते.

५. आमच्या चर्चच्या मंडळीला माझी बाजाची पेटी द्यायची होती. आता नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी क्रूसाशेजारी निरंजनचे नाव घेतले. प्रभूने जसे प्राण दिले तसे त्याने दिले, म्हणाले. नव्या स्पीकरवरून म्हणाले. स्पीकर कंपनीने दिले आहेत.

मी नंतर विचारले. ते म्हणाले, "बाई, बलिदान म्हटल्यानं लोकांना धीर येतो."

"कोणत्या लोकांना, साहेब?"

ते स्पीकरची वायर गुंडाळू लागले. म्हणून येथे लिहिते. प्रभूला ठाऊक होते आपण कुठे चाललो आहोत. निरंजन दुसऱ्या शिफ्टला चालला होता. प्रभूने प्राण दिला तो एकदाच आणि सर्वांसाठी; त्यानंतर कोणाच्या रक्ताची गरज उरली नाही, हीच तर सुवार्ता. ज्या कारखान्याला अजून रक्त लागते त्याने क्रूस उसना मागू नये, आणि मंडळीने तो देऊ नये. निरंजनने प्रज्वलला ओढले ते प्रेम होते. ते त्याचे. मरण कंपनीचे.

पुनरुत्थानाचाही असाच मुलामा चढवला जातो. सर्व ठीक झाले, अश्रू पुसा. ठीक झाले नव्हते. प्रभूला सरकारने शिक्षा दिली, धर्माच्या पुढाऱ्यांनी मान डोलावली, आणि देवाने तो निकाल फिरवला. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. देवाने ते झाकले नाहीत. माझ्या मुलाला शेवटची आंघोळ मी घातली. त्याच्या छातीवर काय होते ते मला माहीत आहे. त्यावर संगमरवर नको.

६. आमच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही. घरातल्या माणसाचे थडगे उघडून त्यातच दुसऱ्याला ठेवतात. मला निरंजनपाशी ठेवावे. त्यासाठी तो दगड काढावाच लागेल. काढलेला दगड परत बसवू नये. टेम्पोत घालून कंपनीच्या गेटवर उतरवावा. त्या जागी साधा लाकडी क्रूस आणि हा मजकूर: 'निरंजन शमुवेल भालेराव. सेन्सर बंद ठेवून मारला गेला. उठेल.' माझे नाव खाली बारीक अक्षरात चालेल.

रश्मी म्हणाली, "आई, तेवढीच एक चांगली गोष्ट उरलीय त्याची. आणि 'उठेल' वाचून लोक हसतील."

"बलिदान वाचून कोणी हसलं नाही. आता हसू दे."

ती रडली. मी समजूत काढली नाही. दगड परत बसला, तर सदनिका तिला न मिळता कामगार संघटनेला जावी. रश्मी, तू माझी एकुलती उरलेली आहेस आणि तरीही हे लिहिते आहे.

७. साक्षीदार दोन्ही बायका घेतल्या आहेत. वकील म्हणाले, एखादा पुरुष असू द्या. प्रभूच्या रिकाम्या कबरेची बातमी बायकांनीच आणली होती आणि पुरुषांना ती बडबड वाटली होती. मला बायका पुरेशा आहेत.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द सौम्य करायचा नाही.

सही: कस्तुरा शमुवेल भालेराव

आम्ही शेजारी राहतो. कस्तुराबाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर. आम्ही बौद्ध आहोत, मेलेला माणूस उठतो असे आम्ही मानत नाही. दगडावरचे खोटे आहे, एवढे मानतो.

१. दीपमाला गौतम ओव्हाळ
२. यशोदाबाई किसन सोनकांबळे

दापोडी. उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामधला शनिवार, १९ एप्रिल २०२५.