गिऱ्हाइकाचे कान

५ मार्च
सकाळी शिवताना फिट आली. म्हणजे चौथं औषधही फुकट! शुद्धीवर आले तर लेक उशाशी. म्हणे, "आई, पडलीस तीसुद्धा कापडाच्या ढिगावर." हुशार आहे कार्टी.

संध्याकाळी हे दुकानातून हसतच आले. गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणालं, मागच्या वेळेसारखेच कापा. हे म्हणाले, "प्रयत्न करतो, पण मागच्या वेळी दोन्ही कान शाबूत राहिले होते." हसून हसून पोट दुखलं. न्हाव्याशी लग्न केल्याचं सार्थक झालं.

८ मार्च
"ते दे गं — ते कापायचं!" कात्री हा शब्दच सापडेना. हात मात्र काज बिनचूक करतात. मागची पानं मी वाचत नाही. अक्षर माझं, पण दिवस कुणा परक्या बाईचे वाटतात.

आज ह्यांनी अगदी ताजा किस्सा आणला — गिऱ्हाईक, मागच्या वेळेसारखे केस, दोन्ही कान शाबूत! लोळून हसले. लेक ताटावर मान खाली घालून बसली. तिला विनोदाचं अंगच नाही.

१४ मार्च
डॉक्टरीणबाईंनी काही शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. एकही आठवला नाही. म्हणाल्या, "इतकी वर्षं फिट येऊन मेंदूतली आठवणीची जागा झिजलीय. औषधं दाद देत नाहीत. ऑपरेशनने फिट थांबल्या तर उरलेलं वाचेल, कदाचित थोडं परतही येईल. खात्री देत नाही."

"शिवण विसरणार नाही ना?"

"ती आठवण वेगळीकडे असते."

मग करून टाका, म्हटलं. भीती वाटतेच. पण लेक आज जे बोलली ते मला उद्या आठवायला हवं आहे. एवढंच हवं आहे.

१५ मार्च
ह्यांना आज भलतंच मजेशीर गिऱ्हाईक भेटलं. हसताना टाका चुकला.

२ मे
उद्या ऑपरेशन. डोकं ह्यांनीच भादरलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "कान शाबूत आहेत," म्हणाले आणि एकटेच हसले. का कोण जाणे.

२० ऑगस्ट
अजून एकही फिट नाही. कात्री, कात्री, कात्री!

२१ ऑगस्ट
हे दारातूनच सुरू झाले, "आज एक गिऱ्हाईक म्हणालं—"

"मागच्या वेळेसारखेच कापा," मी म्हटलं. "कालच नाही का सांगितलंत?"

चपला न काढताच खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. मला काही कळेना. लेक हसत होती, रडतही होती.

"आई, मी शाळेत होते तेव्हापासून बाबांकडे हा एकच विनोद आहे गं."