आयिनविरुद्ध मी

१ मे, गुरुवार, सायं. ७.१०
उदयने आज ग्रुपवर पुन्हा माझी खिल्ली उडवली. आमचा ग्रुप काल्पनिक इतिहास लिहितो. सध्याची कल्पना: हिब्रू पुन्हा बोलभाषा झाली ती रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मास्तरांच्या शाळांतून, आणि जगभर त्यांचाच उच्चार चालला. माझं म्हणणं, मराठी तोंडात हिब्रूतला ‘आयिन’ हा घसा आवळून काढायचा ध्वनी टिकणार नाही. माझी उच्चारांची नियमावली ४१ पानांची. उदय म्हणतो, रोज कानावर पडलं की घसा शिकतो. तो पुण्यात इन्शुरन्स विकतो. मी स्पीच इंजिनिअर आहे. मतदान १० तारखेला. हरले तर नियमावली रद्द, नावासकट.

मी शांत आहे. यापुढे त्याला उत्तर देणार नाही.

७.४०
उत्तर दिलं. नऊ मुद्दे.

३ मे
पुरावाच देते. अरबीतही हाच ध्वनी आहे, तेव्हा मी राहते त्या कुवेतमधलीच मराठी माणसं तपासायची. खालच्या मजल्यावरच्या खैरुन्निसाताई, मूळ रत्नागिरीच्या. आयिन स्वच्छ निघाला. म्हणाल्या, अगो, बावीस वर्षं इथे मासळीवाल्याशी भांडतेय, घसा तयार नको व्हायला? नमुना दूषित. डिलीट.

५ मे
ऑफिसातला धैर्यशील, नांदेडचा. इथल्या राई भागातल्या अरब गॅरेजवाल्यांशी रोज हुज्जत घालतो. दूषित. वर म्हणतो, मॅडम, स्वतःचा पण घ्या की. उद्धट.

६ मे
स्वतःचा घ्यायचं मी आधीच ठरवलं होतं. सात वर्षांत अरबी शिकलेले नाही, मुद्दाम. कुवेतमधला एकमेव शुद्ध नमुना मीच.

९ मे, शुक्रवार, सकाळी ११
रेकॉर्डिंग झालं. साठ शब्द, आयिन शून्य. मध्येच माझ्या पार्किंगमध्ये कुणाची तरी पांढरी जीप लागली. खिडकीतून दोन मिनिटं बोलावं लागलं. गेली. फाइल अपलोड. परत ऐकायची गरज नाही.

१० मे
उदयने फाइल नेमकी ४ मिनिटं १० सेकंदांपासून सगळ्यांना ऐकवली. जीपवाल्याला मी सहा वेळा ‘ममनू’ म्हटलं आहे. अरबीत मनाई. शेवटी आयिन. सहाही वेळा. उदयने लिहिलं, इतका देखणा आयिन ग्रुपवर आजवर कुणी टाकला नव्हता, ताईंचे आभार. मी याची ताई नाही.

२३ विरुद्ध १. नियमावली रद्द. माझा आवाज मात्र प्रमाण उच्चार म्हणून ठेवला, नावासकट. स्पेलिंग तपासलं. बरोबर आहे.

११ मे, सकाळी ७.०५
जीप परत माझ्या जागेवर. आजपासून फक्त मराठी. खिडकीतून आठ वेळा ओरडले. ड्रायव्हरने हसून हात केला. जीप हलली नाही.