प्रार्थनेतली गाऱ्हाणी

६ ऑगस्ट १९७८, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं: नोव्हेंबरात बिशपसाहेब येणार, मुलांचं दृढीकरण होणार, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांवर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करणार. तयारीचा वर्ग दर शनिवारी. मी तिथल्या तिथे आमच्या लेकीचं, रूथचं नाव दिलं. पंधरा पूर्ण झाली, आता वेळ आहेच. तिला काय विचारायचं? बाप्तिस्म्यालाही विचारलं नव्हतं. उद्या शाळा सुटली की मेन रोडवरून पांढरं कापड आणीन, फ्रॉकसाठी. हे म्हणाले, घाई करतेस. ह्यांना सगळीच घाई वाटते.

१२ ऑगस्ट
दिवेलागणीची प्रार्थना. आधी सासूबाई, मग हे, मग मी, शेवटी रूथ. आज ह्यांना यायला उशीर, म्हणून सा.बां.नंतर लगेच मी. सा.बा. म्हणाल्या, "बापा, दुपारच्या कालवणात मीठ लय पडलं. सुनेचं ध्यान ठिकाणावर ठेव." मग मीही मागितलं, थोरामोठ्यांना मिळेल त्यात समाधान मानायची बुद्धी दे. रूथ खांदे हलवत हसत होती. मला दिसलं, कारण प्रार्थनेत माझे डोळे उघडेच असतात. घरात कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.
सा.बां.ना तोंडावर बोलायची माझी टाप नाही. देवासमोर मात्र सगळं बोलता येतं. म्हणून तर या घरात भांडणं नाहीत.

२२ ऑगस्ट
सकाळी वेणी घालताना रूथने सांगितलं: जादा तासाच्या नावाखाली मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले होते, मनाला लागून राहिलंय, कुणाला सांगू नकोस. नाही सांगणार म्हटलं.
संध्याकाळी माझी पाळी आली आणि तोंडातून निघालंच. "प्रभू, रूथला खोटं बोलून सिनेमाला जाण्यापासून राख." सांगितलं ते देवालाच ना? सा.बां.नी कपाळाला हात लावला. ह्यांचं आमेन निघेना. रूथ तिच्या पाळीला गप्प. जेवलीही नाही.

२७ ऑगस्ट, रविवार
काल रूथ वर्गाला गेली नाही. आज सरळच म्हणाली, दृढीकरण घेणार नाही. मी आवाज चढवला. तिने नाही.
"आई, तू देवाशी बोलतच नाहीस. त्याला मध्ये बसवून आम्हाला बोलतेस. मला तसलं नको."
इतका राग आला! कणीक तिंबत बसले, गरज नसताना.

३ सप्टेंबर, रविवार
पाळकसाहेबांना गाठलं, पोरीला समजवा म्हटलं. ते म्हणाले, बाप्तिस्म्याला तिच्या वतीने तुम्ही उत्तरं दिलीत. आता बिशपसाहेब तिला विचारतील, तिचं तिनेच सांगायचं. आईला सांगता येणार नाही. हे मला ठाऊक नाही का? दर रविवारी मुलांना शब्बाथशाळेत मीच तर शिकवते. तरी जिवाला लागलं.

९ सप्टेंबर
ठरवलं, प्रार्थनेत घरातल्या कुणाचं गाऱ्हाणं नाही. पाळी आली. भाकरीबद्दल आभार मानले, पावसाबद्दल मानले. पुढे काही सुचेना. आमेन. हे विचारतात, बरं वाटत नाही का?
मग इतकी वर्षं मी बोलत काय होते? बसल्या जागी रडू आलं. सा.बा. पाहत होत्या. म्हणजे त्याही डोळे उघडे ठेवतात.

१६ सप्टेंबर
रूथची माफी मागितली. प्रार्थनेत नाही, मोरीपाशी, चादर पिळताना. तू विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत बोलले, चुकले, असं म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. एवढंच.
सा.बां.नासुद्धा म्हटलं, मिठाचं काय ते मलाच सांगत जा. रोज सांगतात आता.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
आज इतक्या दिवसांनी रूथच्या पाळीला आवाज आला. "प्रभू," म्हणाली. थांबली. मग, "बाकीचं मी मनात बोलते."
स्टोव्हवर डाळ उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. मी डोळे गच्च मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर सगळं वाचता आलं असतं मला. नाही पाहिलं.
प्रभू तिला सोडणार नाही, ही माझी खात्री आहे. आधीही होती, पण तेव्हा मीच त्याचं काम उरकून टाकत होते.
उद्या वर्ग आहे. जाणार का, विचारलं नाही. पांढरं कापड ट्रंकेत आहे, माप घ्यायचं राहिलंय.