काकडीवरची धूळ

१९ फेब्रुवारी, सकाळी ७
काकडीच्या पानांवर पांढरं दिसलं. आमची दैवशाला म्हणाली, भुरी आलीय, आजच गंधक फवारू. हसूच आलं. समोर सडकेचं काम, दिवसभर डंपर, अन् आमच्या बायकोला रोग दिसतो! साधी धूळ आहे. यंदा पहिल्यांदा वीस गुंठे तिच्या मनानं लावलेत, म्हणून घाबरते बिचारी. तहसीलमध्ये एकतीस वर्षं कारकुनी केली मी. ठेकेदाराविरुद्ध नुकसानभरपाईचा अर्ज करणार.

२० फेब्रुवारी
अर्ज पाच पानी झाला. झकास. पंचनामा होईपर्यंत पुराव्याला हात लागता कामा नये, म्हणून फवारणीचा पंप खोलीत ठेवून कुलूप घातलं. दैवशाला दोनदा कुलूप ओढून बघून गेली. तिला प्रोसिजर समजत न्हाई, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी
शेजारचे पाशामियाँ आल्ते. पान उलटं करून दाखवलं. म्हणाले, भागवतराव, धूळ खालून कशी बसंल? दवा मारा जल्दी. मी सांगितलं, वाऱ्यानं वळून बसते. त्यांची काकडी बिलकुल सडकेला लागून, तरी हिरवीगार. नशीब एकेकाचं.

२८ फेब्रुवारी, दुपारी
सडकेपासून लांबच्या, पार मागच्या बांधाकडच्या वेलीही पांढऱ्या. केस मजबूत होऊन राह्यली. एकशे बारा फोटो काढले. कंबर गेली. स्मरणपत्र पाठवलं.

४ मार्च
दैवशालानं किल्ली मागितली. म्हणाली, पाया पडते, अर्धं तरी वाचवू द्या. दोनच दिवस थांब म्हणालो. थकून गेलो बुवा. घरात एकाला तरी कायदा कळावा.

९ मार्च
पानं वाळली. काकडी बोटाएवढी, वाकडी. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला न्यायला टोपलीभरही न्हाई. पंचनाम्याच्या दृष्टीनं उत्तम.

१२ मार्च, संध्याकाळी
पंचनाम्याला कृषी सहायक बाई आल्या. पानावर बोट फिरवलं, म्हणाल्या भुरी. बुरशी आहे, सडकेचा काही संबंध न्हाई. सुरुवातीलाच गंधक मारलं असतं तर रान वाचलं असतं. का मारलं न्हाई म्हणून विचारलं. मी अर्जाची प्रत पुढं केली. त्यांनी घेतली न्हाई. त्या दैवशालाकडं बघत होत्या.

बाई गेल्यावर दैवशाला वेल उपटू लागली. एकटी. माझं चुकलं, असं म्हणायचं होतं. नुसताच वाकलो, एक वेल धरला. ती म्हणाली, राहू द्या. तुम्ही घरी जाऊन लिहा.

आलो. तासभर झाला बसून. लिहायला काहीच न्हाई.